पाय काय म्हणून राहिले?

त्यांनी माझा चेहरा कधी नीट पाहिला असेल असं मला वाटत नाही. पाय मात्र पाहिले. आज मी घरापासून तळ्यापर्यंत माझ्या पायांनी जाऊन येते ती त्यांच्यामुळे. हे मी कुणाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. माणूस विक्षिप्तच होता. त्यांच्या मुलीला त्यांचा त्रास होता, इथल्या मराठी मंडळींना होता आणि पहिली दोन वर्षं मलाही होता.

इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला, आमच्या घरापासून चौथं घर त्यांच्या मुलीचं. बायको गेल्यावर मुलीने त्यांना नागपूरहून आणून ठेवलं होतं. उंच, वाकलेले, उन्हाळ्यातही डोक्याला लोकरीची टोपी. रस्त्यात समोरून कुणी आलं तर मान वर करायची नाही. नमस्कार नाही, कसे आहात नाही. समोरच्याच्या पावलांकडे बघत विचारायचे, "पाय काय म्हणून राहिले?"

मी कऱ्हाडकडची, चौथी पास. नागपूरकडे 'म्हणतायत'ला 'म्हणून राहिले' म्हणतात हे मला कुठून ठाऊक असणार? मला वाटलं, पाय काहीतरी म्हणाले आणि मग तिथेच राहिले. मी म्हटलं, "पाय कशाला काही म्हणतील? तोंड मला दिलंय." ह्यावर ते इतके खूश झाले की पुढचे आठ दिवस मी दिसले की टोपी काढायचे. पण बघायचे पायांकडेच.

ते मेडिकल कॉलेजात होते, पण डॉक्टर नव्हते, मास्तरही नव्हते. शरीर कसं चालतं ते शिकवायची तिथे एक प्रयोगशाळा होती, त्या प्रयोगशाळेतले ते माणूस. पोरांसाठी बेडूक तयार करून द्यायचे. तयार करणं म्हणजे काय ते त्यांनी मला तळ्याकाठच्या बाकावर बसून सांगितलं. मी घरात कोंबड्या कापलेली बाई, मला काही झालं नाही. बेडकाची मांडी सोलायची, आतली पांढऱ्या दोऱ्यासारखी शीर न तुटता मोकळी करायची, तिला विजेचा हलका झटका द्यायचा. मांडी उडते. मांडीला एक काडी बांधलेली असते. ती काडी काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढते. कागद कंदिलाच्या काचेसारखा काळा व्हायला हवा, फार नाही, कमी नाही. ते काम सगळ्या कॉलेजात फक्त त्यांनाच जमायचं. त्या रेघेला ते बेडकाची सही म्हणायचे.

"मेलेला बेडूक सही करतो?" मी विचारलं.

"सही करायला जिवंत असावं लागत नाही, ताई. शीर जागी असली म्हणजे झालं."

दुसरा एक प्रयोग त्यांच्या फार आवडीचा होता. बेडकाचं डोकं काढलेलं. त्याला टांगून त्याच्या पाठीवर जरासं जळजळीत औषध लावायचं. बिनडोक्याचा बेडूक मागचा पाय उचलतो आणि ते औषध पुसून टाकतो. बरोबर त्याच जागी. मी म्हटलं, आमचे सासरे तसेच होते, डोक्याचा संबंध नसायचा पण पाय बरोबर चालायचा. ते हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले की सगळेच तसे असतात. तव्याचा चटका बसला की आधी हात मागे येतो आणि मग दुखतं, उलटं नाही. मी आयुष्यभर भाकऱ्या भाजल्या, माझ्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं. घरी जाऊन आठवून पाहिलं तर खरंच तसं होतं. हात आधी, शिवी नंतर.

त्याचं कारण त्यांनी मला समजेल असं सांगितलं. गावात आग लागली तर जिल्ह्याला विचारायला माणूस पाठवत नाहीत. गावचा पोलीस पाटीलच काय ते करतो, पाठीच्या कण्यात बसलेला. जिल्ह्याला, म्हणजे डोक्याला, मागाहून कळवतात. ते कळवणं पोचलं की आपण 'आई गं' म्हणतो. बाकीचं सगळं, चालणं, उठणं, घास तोंडात जाणं, हे जिल्ह्याचा हुकूम आणि गावाकडून येणारी खबर ह्यांच्यावर चालतं. त्यांचं म्हणणं, हुकमाचं सगळ्यांना कौतुक असतं, खबरेची कुणी पर्वा करत नाही.

तळं म्हणजे आमच्या वसाहतीतलं पावसाचं पाणी साठायचं डबकं. सकाळी चहा झाला की ते तिथे जायचे आणि काठाशी हात जोडून उभे राहायचे. पोरांना वाटायचं आजोबा सूर्याला नमस्कार करतात. ते बेडकांना करायचे. किती मारले असतील, मी एकदा विचारलं. मोजले नाहीत म्हणाले, मोजले असते तर नोकरी सोडावी लागली असती. जानेवारीत तळं दगडासारखं गोठायचं तरी हे गुडघाभर बर्फातून जायचे. मुलगी दारातून ओरडायची. ते तिथून बोटाने खाली दाखवायचे. खाली आहेत, चिखलात आहेत, असं त्यांचं म्हणणं. मार्चच्या शेवटी पहिला बेडूक ओरडला की त्या दिवशी ते घरोघरी सांगत यायचे. नातू झाल्यासारखे, फक्त हातात पेढे नसायचे. वसाहतीतली पोरं त्यांना बेडूककाका म्हणायची. त्यांना ते आवडायचं.

त्यांच्या मुलीला न आवडणारी गोष्ट वेगळी होती. इथे कुणाकडेही जेवायला गेलं की दाराशी बुटांचा ढीग असतो. आत सगळे समोसे खात व्हिसाच्या गप्पा मारत असायचे आणि हे बाहेर त्या ढिगाशेजारी पाटावर बसून एकेक बूट उलटा करून तळ बघायचे. कुठल्या बुटाची टाच आतून झिजली, कुठल्याची बाहेरून, कुणाचं टोक फरफटतं. मग आत येऊन त्या बुटाचा मालक शोधायचे. एका बाईने एकदा त्यांना चप्पलचोर समजून नवऱ्याला हाक मारली होती.

पण खरा प्रसंग झाला तो फ्रिस्कोहून बदली होऊन आलेल्या एका मुलाच्या घरी. मुलगा म्हणजे चाळिशीचा. नवीन घर घेतलं होतं, वास्तुशांत होती, पन्नास माणसं. हे त्याचाच बूट हातात घेऊन आत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "डाव्याचं टोक घासून राहिलंय. पाय उचलत नाहीये तुमचा. साखर तपासा."

तो मुलगा लाल झाला. "काका, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. मी बेडकांचा माणूस आहे."

लोक हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले. तो मुलगा हसला नाही. त्याने तो बूट त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि त्यांच्या मुलीला बाजूला घेऊन काय बोलायचं ते बोलला. दुसऱ्या दिवसापासून ह्यांना बंदी झाली. कुणाच्या बुटांना हात लावायचा नाही, कुणाचे पाय तपासायचे नाहीत. मुलीने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. तिचंही बरोबर होतं, तिला इथे राहायचं होतं. पुढे वर्षभर ते कुणाच्याही घरी गेले तर ढिगाकडे पाठ करून बसायचे, उपास धरल्यासारखे.

आता माझ्या पायांचं.

मला साखर बरीच वर्षं. गोळ्या कऱ्हाडहून यायच्या, सहा महिन्यांच्या एकदम. त्या उन्हाळ्यात पायाला मुंग्या यायला लागल्या. बसले तरी मुंग्या, निजले तरी मुंग्या. मी काही बोलले नाही, ह्या वयात काही ना काही येतंच. जूनमध्ये खोकला झाला म्हणून मुलाने दवाखान्यात नेलं. त्याची मीटिंग चालू होती, तो कानाला फोन लावून बाहेर बसला आणि माझ्याबरोबर आत सईला पाठवलं. सई माझी नात, तेव्हा तेरा वर्षांची. मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देते. तिथल्या बाईने फोनवरून मराठी बोलणारं माणूस मिळेल, हवं का, असं विचारलं होतं म्हणे, पण मुलगाच म्हणाला की गरज नाही, सई आहे.

खोकल्याचं झालं. निघता निघता मी सईला म्हटलं, पायाला मुंग्या येतात तेही सांग. तिने सांगितलं. डॉक्टरबाईंनी माझ्या पायाकडे वाकून पाहिलं, कातडी कोरडी होती, खाजवल्याचे ओरखडे होते. एक मलम लिहून दिलं. आणखी काहीतरी बोलल्या त्यावर सईने मान हलवली. घरी येऊन तिने ते बापाला सांगितलं. चार दिवसांनी पाठीवर टाकी बांधलेला एक माणूस आला आणि त्याने आमच्या ओट्याखाली, फ्रिजमागे, माझ्या पलंगाखाली फवारा मारला. मला वाटलं इथे दरवर्षी मारत असतील. मी त्याला चहा दिला. त्याने तो ठेवून दिला.

मी रोज मलम लावत होते. ऑगस्ट उजाडता उजाडता मुंग्या थांबल्या. अगदी बंद. मी सुनेला सांगितलं की औषध लागू पडलं. मुलगा म्हणाला, चला, फवारणीचा उपयोग झाला. आम्ही दोघं दोन वेगळ्या मुंग्यांबद्दल बोलत होतो हे दोघांनाही कळलं नाही.

गणपतीला मंडळाने शाळेचा हॉल घेतला होता. आरती झाली, सगळे डोळे मिटून, हात जोडून मंत्रपुष्पांजलीला उभे राहिले. मीही राहिले. संपल्यावर दोन-तीन बायका येऊन माझ्या पाया पडल्या. काकू, तुम्ही किती तल्लीन झाला होता, अगदी डोलत होता, आम्हाला बघूनच भरून आलं, असं त्यांचं चाललं. मला ते आवडलं, नाही कशाला म्हणू. वास्तविक मी त्या वेळी घरी गॅस बंद केला का ह्याचा विचार करत होते.

बेडूककाका लांब कोपऱ्यात खुर्चीवर होते. मंत्रपुष्पांजलीला डोळे उघडे ठेवणारा त्या हॉलमध्ये तो एकच माणूस असणार. त्यांनी मला हाताने बोलावलं. मी निम्म्यापर्यंत गेले तेवढ्यात त्यांची मुलगी आडवी आली. "बाबा, नो." त्यांनी हात खाली घेतला. नजर मात्र माझ्या पायांवरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मुलगा आणि सून सामान आणायला गेली होती, सई सोफ्यावर फोन घेऊन लोळत होती. मागच्या अंगणाच्या काचेवर टकटक झाली. बघते तर हे. पुढच्या दाराने आले असते तर मुलीने खिडकीतून पाहिलं असतं. आत आले आणि चहा नको, पाणी नको, सरळ म्हणाले, "ताई, काल तुम्ही डोलत होत्या."

मी म्हटलं, देवासमोर माणूस डोलतं.

"डोळे मिटल्यावरच डोलून राहिल्या होत्या. उघडले की थांबल्या. तो देव नव्हे. तुमचे पाय खबर द्यायचे बंद झालेत. बसा, मोजे काढा."

परक्या पुरुषाने पायाला हात लावायचा, हे मला पटेना. तसं मी बोलले. ते म्हणाले, जन्मभर बेडकांचे पाय धरले, तुमचे काय जड आहेत? आणि खाली जमिनीवर बसलेच. खिशातून रुमालात गुंडाळलेला एक लोखंडी काटा काढला. दोन पायांचा, इंग्रजी यू अक्षरासारखा, खाली दांडी. निवृत्त होताना त्यांनी कॉलेजकडून शाल-नारळ न घेता हा काटा मागून घेतला होता. तो गुडघ्यावर आपटला की गुणगुणतो, दांडी हाडावर टेकवली की आत झिणझिणतं. त्यांनी तो माझ्या मनगटावर टेकवला. झिणझिणलं. घोट्यावर टेकवला. मी म्हटलं, कळतंय. कळत नव्हतं, ऐकू येत होतं. मला नापास व्हायचं नव्हतं.

मग त्यांनी मला पदर डोळ्यांवर घ्यायला लावला. पायाचा अंगठा मी वर करीन किंवा खाली करीन, तुम्ही फक्त सांगायचं, म्हणाले. मी सांगायला लागले. वर. खाली. वर. परत वर. खाली. मी अगदी ठासून सांगत होते. मग काही आवाजच येईना. सोफ्यावरून सई उठल्याचं कळलं.

"आजी," ती म्हणाली, "ही इज नॉट इव्हन टचिंग यू."

मी पदर काढला. ते मांडी घालून बसले होते आणि दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर होते. कधीपासून होते कोण जाणे.

आयुष्यात मी पुष्कळ प्रसंग पाहिले. नवरा गेला, एक मूल गेलं. घाबरायला मला वेळ नसायचा. त्या दिवशी घाबरले. स्वतःचाच पाय समोर दिसत होता आणि तो माझ्याशी बोलत नव्हता.

त्यांनी उजवं पाऊल उचलून तळवा उजेडाकडे केला. करंगळीच्या खाली काहीतरी चमकलं. माझ्या कुडीची फिरकी. चार दिवस मी ती शोधत होते, सुनेला बोललेही होते की तुझ्या त्या झाडण्याच्या यंत्रात गेली असणार. ती माझ्या तळव्यात रुतून बसली होती आणि मी तिच्यावर चालत होते. भोवतीचं सगळं सुजून जांभळं झालं होतं. वास येत होता. इतका वेळ मला वाटलं होतं, कचऱ्याची पिशवी राहिली आहे.

"मुंग्या येत होत्या?" त्यांनी विचारलं.

"येत होत्या. मलमाने थांबल्या."

"कसलं मलम?"

सईने ती ट्यूब आणून दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि सईला विचारलं, तिथे तू काय सांगितलं होतंस? ती म्हणाली, मुंग्या. अँट्स. आजीच्या पायावर अँट्स येतात. आणि बोलता बोलताच तिला कळलं. ती रडायला लागली.

मला वाटलं हे आता तिला बोलणार. ते तिला म्हणाले, "तुझं चुकलं नाही, पोरी. शब्द बरोबरच आहे. मुंग्याच असतात त्या, फक्त आतून चालतात." मग आम्हा दोघींना त्यांनी सांगितलं. जुन्या रेडिओची तार सैल झाली की खरखर येते. मुंग्या म्हणजे ती खरखर. खरखर थांबली म्हणजे रेडिओ दुरुस्त झाला असं नाही. तो बंद पडला.

त्यांनी माझ्या मुलाला फोन लावायला सांगितला. मुलगा दुकानाच्या रांगेत होता. तो म्हणाला, काका, उद्या सकाळी अपॉइंटमेंट घेतो. हे म्हणाले, आज. तो म्हणाला, रविवार आहे, आणि काका, तुम्ही डॉक्टर नाही. ह्यांनी फोन सईच्या हातात दिला. मग तिला त्यांनी एकच वाक्य पाठ करायला लावलं. माझ्या आजीला साखर आहे आणि तिला तिचे पाय कळत नाहीत. इंग्रजीत. दहा वेळा म्हणून घेतलं. मुंग्या हा शब्द तोंडातून काढायचा नाही असं बजावलं.

मुलाची गाडी वळली तेव्हा हे आमच्या गॅरेजसमोर मधोमध उभे होते. गाडी आत जाऊ देईनात. पाठीमागे आइस्क्रीम वितळत होतं, सून कपाळाला हात लावून बसली होती, मुलगा काच खाली करून काका काका करत होता. तोवर त्यांची मुलगी धावत आली, अंगावर घरातलेच कपडे. "बाबा, तुम्ही प्रॉमिस केलं होतं."

"केलं होतं," ते म्हणाले. "मोडलं." आणि मुलाला म्हणाले, "गाडी बंद करू नका. आईला बसवा."

मी सईच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आले आणि मुलाला तळवा दाखवला. त्याने खाली उतरून गाडीचं दार उघडलं.

इस्पितळात सईने ते वाक्य असं म्हटलं की समोरचा डॉक्टर हातातलं सगळं टाकून उठला. त्याने पण मला डोळे मिटायला लावले, त्याने पण काटा काढला. त्याचा नवा होता, चकचकीत. ह्यांच्या काट्याला गंज होता, पण गुणगुणणं एकच. करंगळी गेली, तिच्याबरोबर थोडा भाग गेला. आणखी दोन-तीन दिवस काढले असते तर कुठून कापावं लागलं असतं ते डॉक्टरने मुलाच्या पायावर हाताने दाखवलं. गुडघ्याखाली. मुलगा बाहेर जाऊन उभा राहिला. पायाच्या करंगळीचं म्हणाल तर ती नसल्याने फारसं काही अडत नाही. बोटं मोजायला बसलं तरच आठवण होते.

घरी आल्यावर त्यांची बंदी उठली. निदान माझ्यापुरती उठली. त्यांच्या मुलीने स्वतः आणून सोडलं. त्यांनी मला पुन्हा चालायला शिकवलं, आणि ते शिकवणं त्यांच्यासारखंच होतं. पाय खबर देत नाहीत तर डोळ्यांनी पहारा करायचा. पाऊल कुठे पडतं ते बघून टाकायचं. डोळे मिटून उभं राहायचं नाही, देवासमोरसुद्धा नाही. देवाला चालतं म्हणाले. चप्पल घालण्याआधी उलटी करून आपटायची. आंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने बघायचं. संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेवून तळवे तपासायचे. ते मी अजून करते. आरशात तोंड बघायचा कंटाळा येतो, तळवे बघायचा येत नाही.

रोज सकाळी ते माझ्या पुढे दोन पावलं उलटे चालायचे, माझ्या पायांकडे बघत, आणि मी माझ्या पायांकडे बघत त्यांच्या मागे. लोक गाड्या हळू करून बघायचे. दोन म्हातारी माणसं, दोघांच्या माना खाली, एकजण उलटा. तळ्याशी पोचलो की बाकावर बसायचं. मग बेडूक, काजळीचे कागद, नागपूरचं ऊन. एखादवेळी काहीच नाही. मला नुसतं बसणारी माणसं आवडत नाहीत, पण त्यांचं नुसतं बसणं चालायचं.

पुढच्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. चहाचा कप बशीत वाजायचा. मी म्हटलं, भाऊ, दाखवा कुणाला तरी. त्यांनी सईकडून पेन आणि कागद मागून घेतला, पेन हातात धरून नुसतं कागदावर टेकवलं आणि कागद हळूहळू ओढला. बारीक नागमोडी रेघ उमटली. ती बराच वेळ बघून म्हणाले, "घ्या. आता माझी सही होऊन राहिली." तो कागद सईने ठेवला आहे. ती आता कॉलेजात शिकते, ह्याच विषयातलं काहीतरी. मी विचारते तेव्हा मराठीत सांगायचा प्रयत्न करते. मुंग्या म्हणते आणि हसते.

ते गेले ते फेब्रुवारीत, झोपेत. मुलगी म्हणाली त्रास झाला नाही. झाला असता तरी त्यांनी आधी पायांना विचारलं असतं. तळं गोठलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी बर्फातून जाऊन काठावर उभी राहिले आणि खाली असलेल्यांना सांगून आले. कुणीतरी सांगायला हवं होतं.

शोकसभा शाळेच्या त्याच हॉलमध्ये झाली. त्यांच्या मुलीने आल्या आल्या माझ्या हातात रुमालात गुंडाळलेला काटा दिला. मी तो पर्समध्ये ठेवला. बोलणाऱ्यांनी ते किती प्रेमळ होते वगैरे सांगितलं. प्रेमळ ते नव्हते. मग सगळ्यांना दोन मिनिटं डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. शंभरेक माणसं उठली, माना खाली गेल्या, डोळे मिटले.

मी डोळे उघडे ठेवले. मिटले असते तर पडले असते. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाईला काही वाटत नाही. मी पाय बघत होते. काळे बूट, पांढरे बूट, बर्फाने भिजलेले, बर्फावर टाकतात त्या मिठाचे डाग पडलेले. सगळे जमिनीला घट्ट धरून उभे. आणि तिसऱ्या रांगेत एक जोडी हलत होती. जरा पुढे, जरा मागे. हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर. डाव्या बुटाचं टोक पांढरं पडेपर्यंत घासलेलं.

मी मान वर केली. फ्रिस्कोचा तो मुलगा होता.

लोक चहाकडे गेले तशी मी त्याच्यापाशी गेले. त्याला वाटलं मी जुनं काही काढते. तोच आधी म्हणाला की काकू, त्या दिवशी मी काकांना फार बोललो, त्याची माफी मागायचीच राहून गेली. मी म्हटलं, ते सोड. पायाला मुंग्या येतात का?

तो इकडेतिकडे बघायला लागला. बायको लांब होती.

"यायच्या काकू," तो म्हणाला. "बरीच वर्षं यायच्या. हल्ली थांबल्यात."

मी एक खुर्ची ओढली आणि पर्समधून रुमाल काढला.

"बस," मी म्हटलं. "बूट काढ."